हौदाचा तळ

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग म्हणाली, "ताई, तुमच्या त्या हिरव्या पाण्याचा फोटो बघितल्यापासून मला एक कोडं पडलंय. मिठाचं पाणी ना ते? मग त्यात शेवाळ धरतंच कसं?" तिच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी. मीठ घातलं की टिकतं, बुरशी लागत नाही! हाच प्रश्न मामेभावाने विचारला होता आणि पुण्याच्या वहिनींनीही. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधी शब्दाचा खुलासा. इथे ब्रिस्बेनला सगळे 'पूल' म्हणतात, पण पूल म्हटला की मला कृष्णेवरचाच आठवतो. म्हणून मी त्याला हौद म्हणते. सुनेला गंमत वाटते. नात तर मैत्रिणींसमोरही 'हौद' म्हणते आणि त्यांना तो ऑस्ट्रेलियन शब्द वाटतो की काय कोण जाणे.

मुलाने घर घेतलं तेव्हा हौद घराबरोबरच आला. वेगळा कोणी मागितला नव्हता. लांबी ८ मीटर, रुंदी ४, एका टोकाला कमरेएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर. हिशोब केला तर साधारण ४५,००० लिटर. आपल्याकडे पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा असतो, म्हणजे साडेचार टँकर पाणी मागच्या अंगणात नुसतं उभं! पहिल्यांदा आले तेव्हा हे बघून मला पोटात कसंतरीच झालं होतं. चारएक जणांच्या पोहण्यासाठी एवढं पाणी! आता सवय झाली, पण पूर्ण नाही.

आता बहिणीचा प्रश्न. मिठाने शेवाळ मरत नाही. मरत असतं तर कोकणात समुद्रकाठच्या खडकांवर आपले पाय घसरले नसते. आणि आमच्या हौदात मीठ असतं तरी किती? लिटरला ४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ असतं. दवाखान्यात सलाईन लावतात त्यात ९. म्हणजे सलाईनच्या निम्म्याहूनही कमी. तोंडात पाणी गेलं तर वरणात मीठ कमी पडल्यासारखं लागतं, इतकंच.

हे मीठ म्हणजे नुसता कच्चा माल. पंपाशेजारी नळीला जोडलेलं एक भांडं असतं, त्यात धातूच्या पट्ट्या. पाणी त्यांच्यामधून वाहतं आणि पट्ट्यांना वीज दिली की त्या मिठातून क्लोरीन तयार होतो. शेवाळ मारतो तो क्लोरीन. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएलची पावडर टाकतो ना, तेच काम हे यंत्र रोज थोडं थोडं करतं. त्यामुळे "आमच्याकडे सॉल्ट वॉटर आहे, क्लोरीन नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं (आणि इथे बरेच जण सांगतात!) तर हसून सोडून द्यावं. क्लोरीनच तो, फक्त घरी काढलेला. गंमत म्हणजे काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं. म्हणून मीठ 'संपत' नाही. उन्हाने पाणी आटलं तरी मीठ तिथेच राहतं. ते जातं फक्त पाण्याबरोबर: पोरांच्या उड्यांनी, फिल्टर धुताना आणि पावसाने हौद भरून वाहिला तर.

या यंत्राच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे क्लोरीन काढता काढता ते पाण्याचा पीएच चढवत नेतं. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, पीएच वगैरे शेजारच्या वर्गात शास्त्राचे सर शिकवायचे. पण सत्तरी ओलांडल्यावर ते शिकावं लागलं. पीएच ७.५ असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग खरा कामाचा असतो. तोच ८ झाला की जेमतेम पाव. म्हणजे क्लोरीन आहे, पण नुसता हजेरीपटावर! म्हणून अधूनमधून मापाने ॲसिड घालून पीएच खाली आणावा लागतो. दुसरी खोड, पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. पाणी तापवायच्या कॉईलवर क्षार बसतात ना, अगदी तस्सा. थर बसला की वीज खर्च होते आणि क्लोरीन निघत नाही.

शिवाय ऊन. कडक उन्हात नुसता क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो, म्हणून त्याला धरून ठेवणारी एक पावडर पाण्यात असावी लागते. सायन्युरिक ॲसिड तिचं नाव. तीही बेताने, लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम. फार झाली तर ती क्लोरीनला इतकं घट्ट धरते की त्याला काम करू देत नाही. (अशा सासवा आपण पाहिल्या आहेत.)

तर हे सगळं तसं बरं चाललं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नीलमोहराची फुलं पडून टोपली तुंबायची, सकाळी कधी त्यात टोड सापडायचे, तेवढाच त्रास. मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड नावाचं चक्रीवादळ आलं. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा जोर कमी झाला होता, पण पाऊस! ९ आणि १० मार्चला ब्रिस्बेनमध्ये २४ तासांत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पडला. आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाला त्याचं कौतुक नाही, पण इथे हाहाकार झाला. लाखो घरांची वीज गेली. आमचीही गेली, चार दिवस.

वीज नाही म्हणजे पंप नाही. पंप नाही म्हणजे क्लोरीन नाही. हौद काठोकाठ भरून वाहत होता, लिटरला ४ ग्रॅम असलेलं मीठ ३.४ वर आलं होतं, शेजारच्या झाडांचा पाला आणि मातीचं पाणी आत आलेलं. आणि पाणी कोमट. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला पोपटी झाक दिसली. पाचव्या दिवशी पालकाची पातळ भाजी. वीज आली तेव्हा यंत्रावर लाल दिवा: मीठ कमी. उघडून बघितलं तर पट्ट्यांवर चुन्यासारखा थर. म्हणजे वादळाच्या आधीपासूनच ते अर्धपोटी काम करत होतं.

घरात वाद झाला. मोठा नाही, पण झाला. सून म्हणाली, "मातीने भरून टाकू या, आई. वर लॉन करू. आम्हा दोघांना ऑफिसातून वेळ होत नाही, आणि महिन्याला विजेचं बिल बघितलंत ना?" तिचं काही चुकत नव्हतं. मुलगा म्हणाला, "राहू दे गं, हिवाळा येतोय, कोण पोहणार आहे? सप्टेंबरमध्ये बघू." म्हणजे पाच-सहा महिने ते पाणी तसंच हिरवं ठेवायचं. नात रडवेली झाली, कारण ती नुकतीच बुडी मारायला शिकली होती.

मी सहसा त्यांच्या घरच्या निर्णयात तोंड घालत नाही. त्या दिवशी घातलं. म्हटलं, "भरायचा तर उद्या भरा, माझी काही हरकत नाही. ठेवायचा तर स्वच्छ ठेवा. पण हिरवा ठेवायचा नाही. एक आठवडासुद्धा नाही."

कारण मुलाला थोडंफार माहीत होतं, सुनेला नव्हतं. १९७६ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिकवत होते. माझ्या वर्गातला, सातवीतला एक मुलगा रविवारी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला. पायऱ्यांवर शेवाळ होतं. विहिरीवर माणसं होती, लगेच धावली, त्यांत पट्टीचे पोहणारे होते. पण पाण्यावर हिरवा थर, आत हातभरसुद्धा दिसत नव्हतं. कुठे बुडी मारायची? एक इकडे शोधतोय, दुसरा तिकडे. मग गळ टाकले. दुपारी पडलेलं पोर दिवेलागणीला हाती लागलं. सोमवारी हजेरी घेताना त्याच्या नावाशी मी थांबले आणि पुढचं नाव घेतलं. वर्गात कोणी काही बोललं नाही.

पाणी स्वच्छ असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण शोधणाऱ्यांना तो दिसला असता.

इथे कायदा कडक आहे. हौदाभोवती किमान १.२ मीटर उंचीचं कुंपण लागतं, फाटक आपोआप बंद होऊन आपोआप कडी लागली पाहिजे, आणि बुडालेल्याला श्वास कसा द्यायचा त्याचा फलक पाण्याजवळ लावावा लागतो. ३० सेंटिमीटरहून खोल पाणी असलं की हे नियम लागू. चांगलंच आहे. पण शेजाऱ्यांचा अडीच वर्षांचा नातू आमच्याकडे येतो, आणि वादळाने कुंपणाची एक फळी सैल झाली होती. कुंपण मूल आत जाऊ नये म्हणून. गेलंच, तर ते कुठे आहे हे एका नजरेत दिसलं पाहिजे. तळ दिसत नसेल अशा पाण्यापुढे मी तरी झोपू शकत नाही.

सून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काय काय आणायचं सांगा."

फळी मुलाने त्याच संध्याकाळी ठोकली. मग दुकान. तिथे आपण बाटलीतून नेलेलं पाणी फुकट तपासून देतात आणि कागद छापून देतात. कागदावर सात वस्तू! शेवाळनाशक, फॉस्फेट काढणारं, पाणी चमकवणारं, आणखी काय काय. मला पाठ्यपुस्तकाबरोबर गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि वर्कबुक गळ्यात मारणारे विक्रेते आठवले. आम्ही पातळ क्लोरीनचा मोठा कॅन, ॲसिड आणि दोन गोण्या मीठ घेतलं. एकेक गोणी २० किलोची. सायन्युरिक ३० होतं, तेवढं पुरे होतं.

पट्ट्या आधी साफ केल्या. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, कधीच उलट नाही. शास्त्राच्या सरांचं हे वाक्य भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलं होतं, ते असं उपयोगी पडलं. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. आणि ॲसिड व क्लोरीन एकमेकांच्या जवळपाससुद्धा ठेवायचे नाहीत, विषारी वायू होतो. पट्ट्या फसफसल्या आणि दहा मिनिटांत काळ्याभोर निघाल्या.

मग पाला काढला. भिंती, पायऱ्या, कोपरे लांब दांड्याच्या ब्रशने घासले. याला पर्याय नाही. शेवाळाला वरून बुळबुळीत साय असते, ती मोडल्याशिवाय आतपर्यंत क्लोरीन पोचत नाही. पीएच ७.२ वर आणला. आणि सूर्य मावळल्यावर साडेचार लिटर क्लोरीन ओतला. एरवी लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम पुरतो, आम्ही १२ केला. तोही रात्रीच, म्हणजे सगळा शेवाळावर खर्च होईल, उन्हाला वाटा जाणार नाही.

तपासायचं काम नातीचं आणि माझं. गावाकडे आरोग्य खात्याची माणसं शाळेच्या टाकीत ओटी टेस्ट करायची, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. इथे गुलाबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, गुलाबी गेलं की थांबायचं. थेंबांवरून आकडा. साध्या रंगपट्टीच्या तपासणीत एक फसगत असते बरं का: क्लोरीन फारच जास्त असला तर तो रंगच खाऊन टाकतो आणि पाणी पांढरं दिसतं. माणूस समजतो क्लोरीन नाही, आणि आणखी ओततो! म्हणून थेंब मोजणारी पेटी घ्यावी. मोतीबिंदू काढल्यापासून गुलाबी रंग मला नातीपेक्षा चांगला दिसतो, हे तिला मान्य नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रात्री पाण्यावर ऊन नसतं, कोणी पोहत नसतं. म्हणजे रात्री क्लोरीन कमी झाला, तर तो कोणीतरी खाल्ला. पाण्यात जिवंत काहीतरी आहे. झोपताना मोजायचं, उजाडताना मोजायचं. पहिल्या रात्री १२ चे ३ झाले. दुसऱ्या रात्री १२ चे ६. रोज संध्याकाळी पुन्हा १२ वर न्यायचा, दिवसा घासायचं, पंप चोवीस तास चालू. फिल्टरचा दाब वाढला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची, आणि ते खारट पाणी झाडांना न घालता ठरलेल्या गटारातच सोडायचं. सातव्या रात्री १२ चे साडेअकरा. एकाहून कमी गेला की समजायचं, संपलं. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबलं तर आठवड्यात पुन्हा हिरवं. बहुतेकांचं इथेच बिनसतं असं माझं मत झालंय. डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि एक रात्र आधी थांबतात.

तोवर पाण्याचा हिरवा रंग गेला होता, पण ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं. मेलेलं शेवाळ. ते इतकं बारीक की फिल्टरच्या वाळूतून निसटतं. नुसता फिल्टर चालू ठेवला असता तरी आठ-दहा दिवसांत निवळलं असतं. पण इथे मला आपली तुरटी आठवली. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवून ठेवायचो, सकाळी वर नितळ आणि तळाशी गाळ. दुकानात 'फ्लॉक' म्हणून मिळतं ते मुळात तेच, ॲल्युमिनियमचं क्षार. घालून दोन तास पाणी फिरवलं आणि रात्रभर पंप बंद. सकाळी तळावर राखाडी गालिचा अंथरलेला! तो मुलाने सकाळभर अगदी सावकाश ओढून घेतला. चुलीतली राख काढावी तसा, घाई केली की उडते. हे पाणी फिल्टरमध्ये न घेता थेट बाहेर सोडायचं, त्यात दहावा हिस्सा पाणी गेलं. मग नळाने भरलं आणि दोन्ही गोण्या मीठ घातलं. मीठ पुन्हा ४ वर.

नातीने खोल टोकाला २० सेंटचं नाणं टाकलं आणि सगळ्यांना काठावर उभं करून विचारलं, छापा की काटा? प्लॅटिपस दिसत होता. सुनेलाही दिसला.

भरून टाकायचं मुलगा आणि सून यांचं अजून ठरलेलं नाही. भरायचं झालं तरी नुसती माती लोटून चालत नाही, आधी तळाला भोकं पाडावी लागतात, नाहीतर पाणी आत साठून राहतं. तो खर्च त्यांनी विचारून ठेवलाय. मी त्यात बोलत नाही. थंडीत शेवाळ हळू वाढतं, म्हणून पंप आता आठऐवजी पाच तास चालतो. नातीने वही केली आहे, दर रविवारी क्लोरीन, पीएच आणि महिन्यातून एकदा मीठ. शेवटच्या रविवारी क्लोरीन २, पीएच ७.६. मी परत जाण्याआधी पट्ट्या एकदा पुन्हा उघडून बघायच्या आहेत, आणि ॲसिडची बाटली संपत आली आहे ते मुलाला सांगायचं राहिलंय.